अ‍ॅप बदलले तरी ‘ईसीयू जोडले नाही’ : ओबीडी अ‍ॅप निवडण्याआधीचा तपास

डॅशबोर्डावर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, ऑनलाइन मागवलेला छोटा ओबीडी (गाडीने स्वतः नोंदवलेले दोष वाचण्याची प्रणाली) अडॅप्टर स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये बसवला जातो, मोबाइलवर एखादे अ‍ॅप उतरवले जाते, आणि त्यानंतर पडद्यावर एकच संदेश वारंवार येत राहतो : ‘अडॅप्टर जोडला, ईसीयू जोडले नाही’. (ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक.) मग दुसरे अ‍ॅप, मग तिसरे, मग कोणीतरी सुचवलेले, पैसे भरून घ्यायचे आणखी एक. यवतमाळ, वर्धा, अमरावती या जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या गावांमधून हा प्रश्न मला सतत विचारला जातो आणि विचारणाऱ्यांत स्वतःची गाडी चालवणारे शेतकरी व शिक्षक जसे असतात, तसे गॅरेज चालवणारे मेकॅनिकही असतात. ज्यांच्यासाठी कंपनीचे सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा थेट नागपूरला आहे, त्यांना दिवा लागल्याबरोबर तिकडे धाव घेणे परवडत नाही. दोष आजच्या आज पाहायचा आहे की पेरणी आटोपल्यावर पाहिला तरी चालेल, एवढे घरी बसून कळले तरी त्यांची मोठी सोय होते. म्हणून ही निवड नीट व्हावी, असे मला मनापासून वाटते.

अशा तक्रारींत अ‍ॅपचा दोष क्वचितच असतो. इंजिनाच्या संगणकातली माहिती आपल्या डोळ्यांपर्यंत येताना गाडी, अडॅप्टर, मोबाइल आणि अ‍ॅप असे चार टप्पे ओलांडते. पहिल्या तिन्हींपैकी कुठेही खंड पडला असेल, तर चौथा टप्पा कितीही वेळा बदलून काही साधत नाही. तपास गाडीपासून सुरू करावा, अ‍ॅपची निवड शेवटी करावी, आणि निवडताना काट्यांच्या रंगीत चकत्या न पाहता, खंड नेमका कुठे पडला आहे हे जे अ‍ॅप स्पष्ट दाखवते, ते घ्यावे.

गाडी आणि तिचा पोर्ट

भारतात बीएस-४ या उत्सर्जन मानकाच्या गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा टप्पा, म्हणजे ज्याला आपण ओबीडी-२ म्हणतो तो, एप्रिल २०१३ पासून लागू झाला. पण गाडी २०१३ नंतरची आहे एवढ्यावरून ती ओबीडी-२ ची असणारच, असे धरून चालू नये. बीएस-४ मानक २०१० मध्ये केवळ १३ शहरांत लागू झाले होते. संपूर्ण देशात ते १ एप्रिल २०१७ पासून बंधनकारक झाले. मधल्या वर्षांत ग्रामीण भागात विकल्या गेलेल्या काही गाड्या, विशेषतः डिझेलवरच्या प्रवासी आणि मालवाहू गाड्या, बीएस-३ मानकाच्या आहेत. अशा गाडीतही स्टिअरिंगखाली १६ पिनांचा तोच पोर्ट असू शकतो आणि त्यावरूनच मालकाची फसगत होते, कारण पोर्टचा आकार जरी सारखा असला तरी त्यामागचा संगणक कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलत असू शकतो, आणि ती भाषा कंपनीच्या किंवा गॅरेजमधल्या मोठ्या स्कॅनरलाच समजते. गाडीचे उत्सर्जन मानक आरसीवर किंवा परिवहन विभागाच्या एम-परिवहन अ‍ॅपवर पाहायला मिळते. ते आधी वाचावे आणि बीएस-३ असेल, तर अ‍ॅपवर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी त्याच मॉडेलची गाडी असलेल्या दुसऱ्या कोणाकडे हे चालले का, हे विचारून घ्यावे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांबाबत ही शंका घेण्याचे कारण नाही.

ट्रॅक्टर आणि २४ व्होल्टचे मोठे ट्रक यांच्यासाठी कारचा अडॅप्टर वापरू नये. त्यांची संदेशप्रणाली वेगळी असते आणि १२ व्होल्टसाठी बनवलेला स्वस्त अडॅप्टर २४ व्होल्टवर जळूही शकतो.

पोर्टच्या १६ क्रमांकाच्या पिनवर बॅटरीचा प्रवाह कायम येत असतो. त्यामुळे किल्ली काढलेली असतानाही अडॅप्टर बसवल्यावर त्याचा दिवा लागला पाहिजे. तो लागत नसेल, तर मोबाइलला हातही लावू नये आणि आधी फ्यूजपेटी उघडावी. अनेक गाड्यांत पोर्टचा आणि मोबाइल चार्जर लावायच्या सॉकेटचा फ्यूज एकच असतो. चार्जरमुळे तो उडाला की सॉकेटबरोबर पोर्टही बंद पडतो आणि मालक मात्र अडॅप्टर खराब निघाला म्हणून तो परत पाठवतो. दिवा लागत असेल आणि तरीही ईसीयू जोडले जात नसेल, तर इग्निशन चालू आहे का, हे पाहावे. किल्लीच्या गाडीत ती ‘ऑन’वर हवी, बटन-स्टार्ट गाडीत साधारणतः ब्रेक न दाबता बटन दोनदा दाबल्यावर ती स्थिती येते. नुसते म्युझिक सिस्टीम चालू होण्याइतके बटन दाबलेले असेल, तर अडॅप्टर जागा असतो आणि ईसीयू झोपलेले असते, आणि पडद्यावर नेमका तोच परिचित संदेश येतो.

अडॅप्टर : खरा अडथळा बहुधा इथेच

बाजारातले बहुतेक स्वस्त अडॅप्टर ‘ईएलएम ३२७’ या नावाने विकले जातात. ही मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने तयार केली. तिच्या सुरुवातीच्या आवृत्तीची नक्कल झाली आणि नकलेची पुढे नक्कल होत राहिली. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, नकला मात्र विकल्या जातच आहेत. खोक्यावर छापलेल्या आवृत्तीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. ‘१.५’ या आवृत्तीची चिप मूळ कंपनीने कधीच काढली नव्हती, तरी त्या आकड्याचे अडॅप्टर सर्रास मिळतात, आणि ‘२.१’ लिहिलेल्या कित्येक अडॅप्टरांना मूळ चिपच्या काही आज्ञा समजतच नाहीत. त्यातले काही, ईसीयूशी बोलण्याची कॅन ही नवी प्रणाली असलेल्या गाडीवर व्यवस्थित चालतात आणि के-लाइन या जुन्या प्रणालीच्या गाडीवर मात्र मुके होतात. म्हणूनच एकाच घरातल्या दोन गाड्यांपैकी एकीवर अ‍ॅप चालते, दुसरीवर चालत नाही, आणि दोष अ‍ॅपच्या माथी मारला जातो.

अडॅप्टर पारखण्याच्या दोन सोप्या परीक्षा आहेत. पहिली व्होल्टेजची. बॅटरीचे व्होल्टेज अडॅप्टर स्वतःच पोर्टच्या पिनवरून मोजतो, त्यासाठी त्याला ईसीयूशी बोलावे लागत नाही. अ‍ॅपमध्ये व्होल्टेज दिसते पण इंजिनाचे फेरे, म्हणजे आरपीएम, दिसत नाहीत, असे असेल तर मोबाइल आणि अडॅप्टर यांच्यातला दुवा ठीक आहे आणि खंड अडॅप्टर व ईसीयू यांच्यामध्ये आहे, एवढे निश्चित झाले. (नकली अडॅप्टर व्होल्टेज थोडे कमी-जास्त दाखवतात, बॅटरी खराब ठरवण्याआधी मल्टिमीटरने पडताळून पाहावे.) व्होल्टेजही दिसत नसेल, तर पुढच्या भागात सांगितलेली मोबाइलची बाजू तपासावी.

दुसरी परीक्षा चासी नंबराची. बहुतेक अ‍ॅप्समध्ये गाडीचा १७ अक्षर-अंकांचा चासी नंबर ईसीयूकडून मागवण्याची सोय असते. हा नंबर एका संदेशात मावत नाही, तो तुकड्यांनी येतो, आणि कमअस्सल अडॅप्टर नेमके हे तुकडे जोडताना गडबडतो. आलेला नंबर आरसीशी अक्षर न अक्षर ताडून पाहावा. तो अर्धवट आला किंवा मध्येच भलती चिन्हे आली, तर हा अडॅप्टर लांब संदेश हाताळू शकत नाही, हे उघड आहे. मग एकाच वेळी दोषाचे चार-पाच कोड असतील तर तेही तो पूर्ण आणणार नाही. काही गाड्या अशा विचारणेला नंबर देतच नाहीत, तेव्हा अजिबात काहीच न येणे हा अडॅप्टरचा दोष मानू नये. अर्धवट येणे मात्र मानावा.

जोडणी होते पण चालत्या गाडीत तुटते, अशी तक्रार असेल तर पोर्टच्या पिना पाहाव्यात. पांदण रस्त्याने किंवा गिट्टी टाकून तसाच सोडलेल्या रस्त्याने गाडी नेली की पोर्टला लटकलेला अडॅप्टर हादरतो, त्यातच चालकाचा गुडघा त्याला लागतो, आणि सैल पिनेचा संपर्क क्षणभर सुटतो. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून अडॅप्टर हलकेच डावी-उजवीकडे हलवावा. तेवढ्यानेही जोडणी तुटत असेल, तर छोटी एक्स्टेन्शन वायर घेऊन अडॅप्टर गुडघ्यापासून दूर बांधून ठेवावा.

मोबाइलची बाजू

आयफोन असेल, तर साधा ब्लूटूथ अडॅप्टर त्यावर चालणार नाही. वाय-फाय किंवा लो एनर्जी ब्लूटूथचा घ्यावा लागेल. अँड्रॉइडवर तिन्ही प्रकार चालतात, पण प्रत्येकाची जोडण्याची रीत निराळी आहे. साधा ब्लूटूथ अडॅप्टर आधी मोबाइलच्या सेटिंगमधून जोडून घ्यावा लागतो. पिन बहुधा १२३४ किंवा ०००० असतो. आणि मग अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन तोच अडॅप्टर निवडावा लागतो. हे दुसरे पाऊल राहून गेल्यामुळे अडकलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. लो एनर्जीचा अडॅप्टर मात्र मोबाइलच्या सेटिंगमधून जोडूच नये, तो थेट अ‍ॅपमधूनच निवडावा.

वाय-फाय अडॅप्टरची अडचण वेगळीच. त्याच्या वाय-फायवर इंटरनेट नसते, आणि इंटरनेट नसलेले वाय-फाय दिसले की मोबाइल गुपचूप सिमकार्डाच्या डेटाकडे वळतो. पडद्यावर वाय-फायची खूण कायम राहते, अ‍ॅप मात्र अडॅप्टरला शोधत बसते. मोबाइल डेटा बंद करावा आणि अ‍ॅपमधला पत्ता १९२.१६८.०.१० व पोर्ट ३५००० असा आहे का, ते तपासावे. बहुसंख्य वाय-फाय अडॅप्टर याच पत्त्यावर असतात.

परवानग्यांबद्दल लोक योग्यच सावध असतात, पण इथे थोडा समज हवा. अँड्रॉइड ११ आणि त्याआधीच्या मोबाइलमध्ये ब्लूटूथची उपकरणे शोधण्यासाठी अ‍ॅपला लोकेशनची परवानगी द्यावी लागते. अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी जवळच्या उपकरणांची स्वतंत्र परवानगी आहे. ती नाकारली, तर अडॅप्टर अ‍ॅपला दिसणारच नाही. कॉन्टॅक्ट, एसएमएस किंवा कॉल यांची परवानगी मागणाऱ्या अ‍ॅपला मात्र सरळ काढून टाकावे. इंजिनाचे तापमान वाचायला तुमच्या नातेवाइकांचे नंबर लागत नाहीत. त्याच कारणाने व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरणाऱ्या ‘फुकट प्रो’ एपीके फाइलींपासून लांब राहावे. त्यांत कोणी काय घातले आहे, हे आपल्याला तपासता येत नाही आणि त्याच मोबाइलवर आपले बँकेचे व्यवहार चालतात.

आता अ‍ॅप

इथपर्यंत सारे ठीक असेल, तर अ‍ॅप निवडण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो. माझ्या लेखी पहिली कसोटी अशी की अ‍ॅपने अडॅप्टरची जोडणी आणि ईसीयूची जोडणी वेगवेगळी दाखवावी. नुसते ‘कनेक्ट होऊ शकले नाही’ म्हणणारे अ‍ॅप आपल्याला पुन्हा अंधारात सोडते. दुसरी कसोटी इंटरनेटशिवाय चालण्याची. मेळघाटात, गडचिरोलीत, किंवा आपल्याच शेताच्या धुऱ्यावर गाडी बंद पडते तेव्हा रेंज नसते. त्या वेळी लॉगिन मागणारे किंवा कोडचा अर्थ सर्व्हरवरून आणणारे अ‍ॅप निरुपयोगी ठरते. घरीच मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकावा, मग ब्लूटूथ किंवा वाय-फाय तेवढे चालू करावे आणि अ‍ॅप सुरुवातीपासून उघडून कोड वाचून पाहावेत. ही चाचणी पार न करणारे अ‍ॅप कितीही देखणे असले, तरी आपल्या भागासाठी नाही.

तिसरी कसोटी अधिक महत्त्वाची आहे आणि ती एका गाडीच्या उदाहरणाने सांगतो. घराच्या मागच्या खोलीत कापसाची गंजी आणि त्या खोलीला लागून गाडीचे शेड, अशा ठिकाणी उभ्या राहणाऱ्या एका पेट्रोल गाडीचा दिवा वारंवार लागत होता. गॅरेजमध्ये कोड पुसला की दोन-तीन दिवस बरे जात, मग दिवा पुन्हा हजर. कोड होता पी ०११३, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. मालकाच्या मोबाइलवरचे अ‍ॅप फक्त कोड आणि त्याचा इंग्रजी अर्थ सांगून थांबत होते, आणि तो अर्थ वाचून सेन्सर बदलण्याची तयारी झाली होती. दुसऱ्या एका अ‍ॅपमध्ये तेच तापमान आलेखावर लावून गाडी गावाबाहेरच्या गिट्टीच्या रस्त्यावरून नेली. मे महिन्याची दुपार, हवा ५२ अंशांच्या आसपास दिसत होती, आणि एका खड्ड्यावर रेघ सरळ खाली, उणे ४० वर, आणि पुढच्या क्षणी पुन्हा ५२ वर.

उणे ४० हा आकडा ओळखीचा करून घेण्यासारखा आहे. ओबीडीच्या नियमानुसार ईसीयू तापमान ० ते २५५ या आकड्यांत पाठवते आणि अ‍ॅप त्यातून ४० वजा करून अंश सेल्सिअस दाखवते. सेन्सरची वायर तुटलेली असेल तेव्हा अनेक गाड्यांत हा मूळ आकडा शून्यावर जातो, म्हणून पडद्यावर उणे ४० येते. विदर्भाच्या उन्हाळ्यात हवा एका क्षणात ९२ अंशांनी थंड होऊन लगेच तापू शकत नाही. म्हणजे सेन्सर बरोबर आहे, त्याच्यापर्यंत जाणारा तार-जोड सुटतो आहे. एअर फिल्टरजवळचा कनेक्टर उघडल्यावर त्याच्या बोटभर अलीकडे उंदराने कुरतडलेली वायर सापडली. आवरण गेलेले, आतले तांबे हिरवे पडलेले, एक-दोन तारा तेवढ्या चिकटून राहिलेल्या. गाडी हादरली की सुटायच्या आणि उभी राहिली की टेकायच्या. तेवढा तुकडा कापून नवी वायर डाग देऊन जोडली आणि वर आवरण चढवले. सेन्सर जुनाच राहिला.

तेव्हा अ‍ॅपमध्ये चालू आकडे आलेखावर पाहता आले पाहिजेत, ते फाइलीत नोंदवून ठेवता आले पाहिजेत, आणि आकडा विचित्र आला तरी तो जसाच्या तसा दिसला पाहिजे. काही अ‍ॅप्स अशक्य वाटणाऱ्या आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ दाखवतात. असे झाले तर सर्वांत मोठा पुरावाच झाकला जातो.

आलेख पाहताना एक मर्यादा ध्यानात ठेवावी. अ‍ॅप एकेक आकडा ईसीयूला विचारत जाते. कॅन प्रणालीचा वेग साधारणतः सेकंदाला ५०० किलोबिट असतो, जुन्या के-लाइनचा जेमतेम १०.४ किलोबिट. जुन्या गाडीत पडद्यावर दहा काटे लावले, तर प्रत्येक काटा काही सेकंदांनी हलतो आणि वरच्यासारखी क्षणभराची उडी निसटून जाते. ज्यावर संशय आहे ते दोन-तीन आकडेच निवडावेत. तसेच, दुपारी काचेमागे ठेवलेला मोबाइल तापून पडदा मंद करतो किंवा अ‍ॅप बंद करतो आणि नोंद अर्धवट राहते. तो एसीच्या झोतासमोर ठेवावा आणि त्या अ‍ॅपपुरती बॅटरी बचतीची सेटिंग काढून टाकावी. चालकाने पडद्याकडे पाहू नये. नोंद चालू करून गाडी चालवावी, आलेख थांबल्यावर पाहावा.

चौथी कसोटी गाडीच्या ब्रँडची. पी ० ने सुरू होणारे कोड सर्व कंपन्यांना सामाईक असतात. पी १ ने सुरू होणारे कोड कंपनीचे स्वतःचे असतात आणि एकाच क्रमांकाचा अर्थ दोन कंपन्यांत अगदी वेगळा असू शकतो. गाडीची कंपनी न विचारताच पी १ च्या कोडचा अर्थ ठामपणे सांगणारे अ‍ॅप भलत्याच कंपनीचा अर्थ दाखवत असण्याची शक्यता मोठी असते. त्या अर्थावर विसंबून सुटा भाग मागवू नये.

बीएस-६ डिझेल गाडीच्या मालकांना ब्रँडनिहाय माहितीची गरज सर्वांत जास्त पडते, आणि दिवा वारंवार लागण्याच्या तक्रारीही त्यांच्याच अधिक आहेत. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, असतो. काजळी साठली की ईसीयू जादा डिझेल वापरून फिल्टर तापवते आणि काजळी जाळून टाकते; त्यासाठी गाडी काही काळ सलग, बऱ्यापैकी वेगाने धावावी लागते. रोज गावापासून तालुक्यापर्यंत पाच-सहा किलोमीटर जाऊन इंजिन बंद करणाऱ्या गाडीत हे काम दर वेळी अर्धवट राहते. मग दिवा लागतो, पी २४६३ सारखा काजळी साठल्याचा कोड येतो, तो पुसला जातो आणि काजळी आत तशीच असल्यामुळे परत येतो. काजळीचे प्रमाण, शेवटची सफाई होऊन किती किलोमीटर झाले आणि सफाई आत्ता चालू आहे का, हे आकडे बहुतेक गाड्यांत सामान्य ओबीडीच्या यादीत येत नाहीत; त्या मॉडेलचा प्रोफाइल असलेल्या अ‍ॅपमध्येच ते दिसतात. पैसे भरायचे, तर अशा माहितीसाठी भरावेत. काजळी वाढताना दिसली की दिवा लागण्याआधीच गाडी समृद्धी महामार्गावर किंवा नागपूर-हैदराबाद महामार्गावर सलग अर्धा-पाऊण तास न्यावी. दिवा लागून बराच काळ लोटला असेल आणि गाडीची ताकदही कमी झाली असेल, तर मात्र स्वतः प्रयोग न करता गाडी वर्कशॉपमध्येच न्यावी.

याच संदर्भात एक इशारा अगदी कळकळीने देतो. सफाई चालू असताना सायलेन्सरचा मार्ग अतिशय तापतो. अशा वेळी गाडी वाळलेल्या गवतावर, सोयाबीनच्या कुटारावर किंवा पऱ्हाटीच्या ढिगाशेजारी उभी करू नये. अ‍ॅपमध्ये सफाई चालू असल्याचे दिसत असेल, तर मोकळ्या डांबरी किंवा मुरमाच्या जागीच थांबावे.

नावे विचारणाऱ्यांसाठी माझे मत असे. कार स्कॅनर हे अ‍ॅप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर आहे, ते अडॅप्टर आणि ईसीयू यांची स्थिती पहिल्याच पडद्यावर वेगवेगळी दाखवते आणि त्यात गाड्यांच्या ब्रँडनुसार प्रोफाइल निवडता येतात. आपल्याकडच्या बहुतेक वापरकर्त्यांना मी तेच प्रथम सुचवतो. टॉर्क प्रो फक्त अँड्रॉइडवर आहे, त्यात कंपनीचे खास आकडे स्वतः भरून घेता येतात, त्यामुळे हौसेने खोलात जाणाऱ्याला ते आवडेल. केवळ दिवा का लागला हे पाहायचे असेल, तर त्याची सेटिंग्ज किचकट वाटतील. ओबीडी फ्यूजन दोन्ही प्रकारच्या मोबाइलवर चालते, आकड्यांची नोंद नीट ठेवते, पण ब्रँडची खास माहिती वेगळी विकत घ्यावी लागते, तेव्हा आपले मॉडेल त्या यादीत आहे का हे आधी पाहावे. एका कंपनीच्या अडॅप्टरलाच बांधलेली अ‍ॅप्स मी सुचवत नाही. अडॅप्टर बिघडला की अ‍ॅपही गेले. कोणतेही अ‍ॅप असो, आधी फुकट आवृत्तीवर स्वतःच्या गाडीचे आरपीएम, कूलंटचे तापमान आणि चासी नंबर नीट येतात का हे पाहावे आणि नंतरच पैसे भरावेत.

जोडणी फार वेळ घेत असेल, तर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये प्रोटोकॉल ‘ऑटो’वर न ठेवता स्वतः निवडून पाहावा. बहुतेक बीएस-६ गाड्यांना ‘कॅन, ११ बिट, ५०० के’ हा पर्याय लागू पडतो. के-लाइनच्या गाडीत आयएसओ १४२३० आणि आयएसओ ९१४१ हे दोन पर्याय एकामागून एक वापरून पाहावेत.

कोड पुसण्याआधी

कोड पुसण्याचे बटन प्रत्येक अ‍ॅपमध्ये ठळक असते आणि ते घाईने दाबल्यामुळेच बरेचसे दोष अनेक महिने सापडत नाहीत. पुसताना केवळ कोड जात नाही. दोष घडला त्या क्षणीचे आरपीएम, वेग, कूलंटचे तापमान, इंजिनावरचा भार यांची जी एक नोंद ईसीयू जपून ठेवते आणि जिला फ्रीझ फ्रेम म्हणतात, तीही त्याच वेळी पुसली जाते, आणि ईसीयूने स्वतः केलेल्या तपासण्यांचे निकालही जातात. दोष थंड इंजिनावर आला की तापलेल्यावर, चढावर आला की उभ्या गाडीत, हे या नोंदीवरून मेकॅनिकला लगेच समजते. ज्या अ‍ॅपमध्ये फ्रीझ फ्रेम दिसत नाही, ते अ‍ॅप वारंवार येणाऱ्या दोषासाठी घेऊच नये. पुसण्याआधी कोड, फ्रीझ फ्रेम आणि ‘पेंडिंग’ या सदरातले कोड यांचे स्क्रीनशॉट काढावेत, तारीख आणि मीटरचे किलोमीटर लिहून ठेवावेत, आणि गॅरेजमध्ये गाडीबरोबर तेही दाखवावेत. पेंडिंग कोड म्हणजे ईसीयूला संशय आला आहे पण त्याने अजून दिवा लावलेला नाही, अशी अवस्था. दुरुस्तीनंतर दोन-चार दिवसांनी हे सदर पुन्हा पाहिले, तर दोष गेला की नुसता दिवा गेला, हे दिवा लागण्याची वाट न पाहता कळते.

काम झाल्यावर अडॅप्टर पोर्टमध्ये सोडून देऊ नये. गाडी पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस उभी राहिली, तर आधीच थकलेली बॅटरी त्याच्यामुळे उतरू शकते, आणि १२३४ पिनच्या ब्लूटूथला जवळ उभा असलेला कोणीही जोडून घेऊ शकतो.

एबीएस आणि एअरबॅगचे दिवे सामान्य ओबीडीच्या कक्षेत येत नाहीत. अ‍ॅपने ‘एकही दोष नाही’ म्हटले तरी ते लागलेले असतील, तर दोष आहेच असे समजावे. आणि इंजिनाचा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही आणि ते न जळता पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळू शकते, असा त्याचा अर्थ आहे. अशा वेळी अ‍ॅप उघडत बसू नये. अ‍ॅक्सिलरेटर सोडून वेग उतरवावा, गाडी सुरक्षित जागी उभी करावी आणि ती ओढून किंवा अगदी जवळच असेल तर सावकाश चालवत गॅरेजपर्यंत न्यावी.